सावडीतला प्रोसेसर

आमच्या घरी रविवारी एक भाकर जास्तीची थापली जायची. ती ज्याच्यासाठी असायची तो माणूस ना नात्यातला, ना गावातला. आदिलाबादच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा, माझा कॉलेजातला मित्र. मी त्याला शेट म्हणायचो, तो मला पटेल, म्हणजे पाटील. त्यातलं शेटपण त्याच्या वडिलांसोबत गल्ल्यावरच राहिलं, आणि पटेलकी आमच्या घराण्यात कधीच नव्हती. आमची एकूण सत्ता म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळची थोडी काळी जमीन, आणि तिथंही माझ्यापेक्षा रानडुकरांचा हुकूम जास्त चालतो.

आम्ही दोघंही कॉम्प्युटरमधले. साथीच्या वर्षात कंपनीनं घरून काम करा म्हटलं. मी ते इतकं मनावर घेतलं की हैदराबादचं भाड्याचं घर सोडून गावच्या घरी आलो आणि परत गेलोच नाही. शेटही आदिलाबादला आला. त्याची कंपनी वेगळी, माझी वेगळी, पण काम एकाच कर्नलवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर. हे कर्नल खुलं आहे, म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही. जगभरची माणसं त्यात भर घालतात, आणि ज्यानं जी ओळ लिहिली तिच्यावर त्याचं नाव कायमचं राहतं.

माझी बसायची खोली म्हणजे पूर्वीची कापसाची खोली. कापूस आता तिथं ठेवत नाही, पण त्याचे तंतू अजून कुठून कुठून निघतात. कॉम्प्युटरच्या पंख्यात ते जाऊन बसतात, मग मशीन म्हाताऱ्या बैलासारखं धापा टाकतं. त्या खोलीत बसून मी जे करायचो ते घरच्यांना सांगणं मला कधी जमलं नव्हतं. एका दुपारी बायकोनं विचारलं, "नेमकं काय करून राह्यले तुमी? लोक विचारतात त मी आपली म्हन्ते, कॉम्प्युटर."

मी सांगितलं. एका मोठ्या खऱ्या मशीनच्या पोटात पुष्कळ आभासी मशीन चालतात. प्रत्येकाला काही आभासी प्रोसेसर वाटून दिलेले असतात, म्हणजे काम करणारे हात. एखाद्या मशीनवर अचानक काम वाढलं तर त्याला आणखी हात द्यायचे, तेही मशीन बंद न करता, चालता चालता. आणि कर्नल म्हणजे कोणत्या हातानं कोणतं काम करायचं ते ठरवणारा कारभारी. आमच्या कारभाऱ्याची खोड अशी, की नव्या जातीच्या प्रोसेसरवर तो सकाळी उठल्या उठल्या जेवढे हात दिसतील तेवढे मोजतो आणि जन्मभर तेवढेच धरून चालतो. नंतर कोणी आलं तर ओळखच देत नाही.

"मंग नव्या हाताले बसवता कुठं?" तिनं विचारलं.

"पंगतीसारखं. येतील तेवढ्यांच्या पत्रावळी आधीच मांडून ठेवायच्या. काही पत्रावळींवर माणूस असतो, काही रिकाम्या. नवा आला की त्याची पत्रावळ तयारच."

हे तिला पटलं. माय ओट्यावर तुरी निवडत होती, तिला नाही पटलं. "चालत्या औताले बैल कोन जुपते?" ती म्हणाली. "औत थांबव, बैल जुप, मंग चाल. त्याच्यात का एवढं डोकं लावतं?"

औत थांबवलं तर गिऱ्हाईक पळून जातं, हे मी तिला समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "पळू दे. औत थांबलं म्हून पळते ते का गिऱ्हाईक हाय?" तिच्याशी वाद घालणं मी शाळेत असतानाच सोडून दिलं होतं.

औताचा विषय निघाला म्हणून सावडीचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. माझ्या लहानपणी बाबांकडं एकच बैल होता, आणि शेजारच्या काकांकडंही एकच. एका बैलानं औत चालत नाही. मग दोघांनी सावड केली होती. तुझा बैल, माझा बैल, मिळून जोडी. आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं. कोणाच्या वावरात कोणी किती राबलं याचा हिशोब नाही. पिकलं ते ज्याचं वावर त्याचं. पण एक रीत पक्की होती. सावड सोडायची तर पाडव्याला सोडायची, घरी येऊन, ओट्यावर बसून, चहा पिऊन. "पुढच्या साली मी दुसरीकडं पाहून राह्यलो," एवढं बोललं की झालं, कोणी रागावत नसे. अर्ध्या वावरात बैल काढून नेणाऱ्याला मात्र गावात कोणी पुन्हा सोबत घेत नव्हतं.

माझ्या कंपनीनं मला प्रोसेसर जोडण्याचं काम दिलं होतं. शेटच्या कंपनीनं त्याला प्रोसेसर काढण्याचं. दोन्हींतलं एकही काम एकट्यानं रेटण्यासारखं नव्हतं. एका रविवारी तो मोटरसायकलवर आला, जेवायला बसला, आणि मीच म्हटलं, "सावड करू. आधी तुहं वावर, मंग माहं."

"पटेल, मी शहरातला मानूस, मले सावड का समजते?"

"समजाचं काय त्याच्यात? आधी तुह्या कामाले दोघं, मंग माह्या कामाले दोघं."

"हे जमलं," तो म्हणाला आणि ठेच्याला पुन्हा हात घातला.

काढण्याचं काम जोडण्यापेक्षा अवघड. जोडताना हात रिकामे असतात. काढताना त्या प्रोसेसरच्या हातात चालू काम असतं, त्याच्याकडं लावलेले गजर असतात, त्याच्या नावानं येणारे निरोप असतात. तसाच उपटून नेला तर सगळं मशीन गारठतं. म्हणून आधी कर्नलच्या एकेका खात्याला विचारायचं, याच्याकडं तुमचं काही आहे का. असेल तर ते दुसऱ्याच्या हवाली करायचं. सगळे नाही म्हणाले, की मगच मानेवरचं जू उतरवायचं. ते लिहिता लिहिता उन्हाळा गेला. शेटला त्याच्या कंपनीच्या बैठका फार असत, त्यामुळं औत जास्त करून मीच धरलं. तक्रार नव्हती. सावडीत असं होतंच, शेजारच्या काकांचा बैलही जरा अंगचोरच होता.

काम पुरं झालं तेव्हा त्यानं विचारलं होतं, हे मी नाकारणार नाही. "पटेल, तुहं नाव टाकू का खाली माह्यासंगं?"

मी म्हटलं, "तुह्या वावरात माहं नाव काऊन?"

त्या घडीला मला स्वतःविषयी जो आदर वाटला तो सांगण्यासारखा नाही. बाबा असते तर पाठीवर हात ठेवला असता असंही वाटून गेलं. कर्नलच्या जगात या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मला पुरतं ठाऊक होतं. तिथं नाव नाही म्हणजे माणूस नाही. पण मी डोक्यानं कर्नलमध्ये आणि मनानं वावरात होतो. मी एकदा नाही म्हटल्यावर शेट दुसऱ्यांदा विचारण्यातला नव्हता. व्यापाऱ्याचा मुलगा तो, एकदा भाव ठरला की ठरला.

या कर्नलचा कारभार एका सार्वजनिक मेल-लिस्टवर चालतो. तिला गावचा पार समजा. तुम्ही तुमचं काम तिथं पाठवायचं, सगळ्यांसमोर. मग कोणीही त्यावर बोलतं, तेही सगळ्यांसमोर. शेटचं काढण्याचं काम लिस्टनं पसंत केलं. जोडण्याचं काम आलं की दोन्ही मिळून कर्नलमध्ये घेऊ असं ठरलं. आता माझ्या वावराची पाळी होती. दुसऱ्यांच्या कामात बारीकसारीक दुरुस्त्या मी खूप केल्या होत्या, पण ज्याला माझं म्हणावं असं त्या कर्नलमध्ये काही नव्हतं. वयाच्या पन्नाशीच्या अलीकडे माणसाला अशा गोष्टींची हाव सुटते. एरवी ती जमिनीची सुटते, माझी जरा आधुनिक.

मिरगानंतर शेट दर रविवारी यायचा. आला की माय आतूनच ओळखायची, "आला वाटते दुकानवाला," आणि तव्यावर त्याची भाकर टाकायची. त्याला माझ्या कामात हात घालायला वेळ मिळत नव्हता. "पुढच्या हप्त्यात बसतो," म्हणायचा. आमच्याकडं करंट गेला आणि लाइनमनला फोन केला की तो तेलुगूत 'रेपु' म्हणतो, म्हणजे उद्या. ज्याला तेलुगूचा दुसरा शब्द येत नाही त्यालाही बेल्यात रेपु येतो. शेटचं पुढच्या हप्त्यात हे त्याच जातीचं होतं.

पण ऐकायचा मात्र मन लावून. ओट्यावर पाय सोडून बसायचा आणि विचारायचा, "पत्रावळी आधीच मांडून ठेवतं म्हन्तं, पन किती? हजार मांडल्या आन् चारच आले त?" मी सांगायचो, हो, तेवढी मेमरी वाया जाते, तीच माझी पहिली भीती आहे. "आन् मंग?" मग मी दुसरी सांगायचो. नवा प्रोसेसर आल्याचा निरोप खालच्या फर्मवेअरकडून, म्हणजे मशीनच्या जन्मजात प्रोग्रामकडून येतो, त्यानंच जागा चुकीची सांगितली तर एकाच पत्रावळीवर दोघं बसतील. "आन् मंग?" तिसरी. तोच निरोप दोनदा आला तर काय, याला माझ्याकडं अजून धड उत्तर नाही. कोणी इतकं कान देऊन आपल्या शंका ऐकतंय याचं मला केवढं सुख. बायको चाळीस शब्दांच्या वर ऐकत नाही. मी त्याला एकेक शंका अशी काढून दाखवली, जशी माय पाहुण्याला लोणच्याच्या बरण्या दाखवते.

कापसाची वेचणी सुरू होती तेव्हा मी माझं काम लिस्टवर पाठवलं. दोन दिवस चांगले गेले. एकदोन ओळखीच्या परदेशी लोकांनी नीट दिसतंय म्हणून लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेटचं उत्तर आलं. मी चहाचा कप बाजूला ठेवून, खुर्ची पुढं ओढून, अगदी कौतुकानं उघडलं. माझ्या बाजूनं बोलायला तो उभा राहिला असंच मी धरून चाललो होतो.

सुरुवातीला माझं संपूर्ण नाव आणि कामाबद्दल आभार. शेटनं मला पूर्ण नावानं कधी हाक मारली असेल तर ती कॉलेजात, सरांसमोर. पुढं त्यानं लिहिलं होतं की हा आराखडा मुळातच योग्य नाही आणि तो घेऊ नये. कारणं तीन. पहिलं, मेमरी वाया जाते. दुसरं, फर्मवेअरनं जागा चुकीची सांगितली तर. तिसरं, तोच निरोप दोनदा आला तर. माझ्याच शंका, माझ्याच क्रमानं, फक्त इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार. शेवटी एक ओळ होती: आम्ही गेले काही महिने वेगळ्या आराखड्यावर काम करत आहोत, तो लवकरच पाठवू.

हे 'आम्ही' कोण ते मला कळेना, म्हणून मी त्याचा मेलचा पत्ता पाहिला. त्याची शेपटी बदललेली होती. शेटनं कंपनी बदलली होती, पार मोठ्या कंपनीत गेला होता, आणि ते मला सगळ्या जगासोबत कळलं.

मी पुन्हा चहा करायला आत गेलो आणि दूध उतू घालवलं. बायको वावरातून मजूरबायांचं पाणी भरायला घरी आली होती. तिनं गॅस बंद केला, माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी सांगितलं. तिनं फक्त एक गोष्ट विचारली.

"त्यानं म्हटलं ते खरं हाय का?"

"खरं हाय. माहंच हाय ते."

"मंग तुमाले का लागून राह्यलं नेमकं?"

मी उतू गेलेलं दूध फडक्यानं पुसू लागलो. ती घागर भरता भरता म्हणाली, "मले त माहीत हाय. त्याले सांगाचं होतं त ओट्यावर सांगाचं होतं."

लिस्टवरच्या मोठ्या माणसांनी शेटचं म्हणणं मानलं. मानायलाच हवं होतं. माझं काम बाजूला पडलं, त्याचा नवा आराखडा आला. त्यात माझ्यापेक्षा चांगल्या गोष्टी होत्या. हे लिहिताना दात दुखतात, पण होत्या. माझ्या कंपनीतल्या साहेबानं फोन करून समजूत घातली, असं होतंच म्हणाला, आणि मला दुसरं काम दिलं. शेटचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. मी काही मानी नाही. उचलला असता तर बोलता बोलता मीच त्याची माफी मागून बसलो असतो, एवढी मला माझी ओळख आहे.

मग एका रविवारी तो आलाच. मोटरसायकल नाही, नवी कार. ओट्यावर बसला, पण पाय न सोडता. हातात जिलबीचा पुडा होता, तो कुठं ठेवावा ते त्याला सुचेना. मायनं पाणी दिलं. तिला बायकोनं सगळं सांगितलेलं होतं, औताच्या भाषेत, त्यामुळं माझ्यापेक्षा तिलाच नीट समजलं होतं.

"माय, कंपनीचा नियम होता," शेटनं तिच्याकडं पाहूनच सुरुवात केली. माझ्याकडं पाहणं सोपं नसावं. "नव्या कामाचं बाहेर काईच बोलता येत नव्हतं. सही घेतली होती माही."

"कवापासून?"

"मिरगापासून."

मायनं बोटांची पेरं मोजली. पेरणीपासून वेचणीपर्यंतचे रविवार ती डोळ्यांसमोर आणत असावी. मग अगदी साध्या आवाजात, जसं मीठ कमी पडलं का विचारावं तसं, ती म्हणाली, "बोलता येत नव्हतं, आन् जेवता येत होतं का बापा?"

शेटनं खाली पाहिलं. मीही खाली पाहिलं, उगीचच. माय चहा ठेवायला आत गेली. चहा तिनं दिलाच असता, तो काही कोणासाठी बंद होत नाही.

मग तो खऱ्या कामावर आला. प्रोसेसर जोडणं त्याच्या नव्या आराखड्यात झकास चालत होतं. काढणंही. पण भराभर जोडले-काढले, जोडले-काढले, की मशीन मध्येच गारठत होतं. लिस्टवरची मंडळी विचारत होती की हे का होतंय, आणि काढण्याच्या भागावर नाव त्याचं असल्यामुळं त्यालाच विचारत होती.

"तूच लिहिलं होतं ते पटेल. दहा मिनिटांचं काम हाय तुले."

दहा मिनिटंसुद्धा नव्हती लागणार. तो सांगत असतानाच मला कळलं होतं कुठं अडतंय. जाणारा प्रोसेसर आपले गजर ज्याच्या हवाली करतो तो दुसराही त्याच वेळी निघायच्या वाटेवर असला, तर गजर दोघांच्या मध्ये पडून राहतात. ओळ कोणती, तेही डोळ्यांसमोर दिसत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. इतक्या वर्षांची सवय, त्यानं विचारायचं आणि मी सांगायचं.

मी म्हटलं, "लिस्टवर विचार. तिथं सांगतो."

"लिस्टवर?" त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "अबे, ते माह्या नावानं हाय. लोक काय म्हनतीन, याले सोताचंच कळत नाई?"

"माह्यासंगं तू तिथंच बोलला ना. मंग हेई तिथंच बोल."

"मानसानं एवढं धरू नये पटेल."

"म्या काई धरलं नाई. विचार म्हून राह्यलो. त्याच दिवशी उत्तर देतो, चांगलं सविस्तर देतो."

चहा आला. त्यानं अर्धा प्यायला, नव्या कंपनीचं थोडं सांगितलं, कापसाचा भाव विचारला आणि निघाला. कार गल्लीत वळवताना आमच्या तुळशीच्या ओट्याला घासता घासता राहिली, तेव्हा मीच खाली उतरून "घे, घे, डावीकडं घे" करून त्याला बाहेर काढून दिलं. स्वाभिमान म्हणतात तो माझ्याकडं एवढाच.

उत्तर मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात त्याला घासूनपुसून लख्ख केलं. गजर कुठून निघतात, कुठं अडकतात याचं अक्षरांतलं चित्र काढलं. शेटचा अपमान होईल असा शब्द त्यात राहू नये म्हणून दोनदा वाचलं, आणि एक वाक्य 'आम्ही दोघांनी हे लिहिताना' असं होतं ते तसंच ठेवलं. सगळ्यांसमोर कोणी ते वाचावं, एवढीच इच्छा होती. रोज सकाळी पंख्यातला कापूस काढायचो आणि लिस्ट उघडायचो. लाइनमनचा रेपु परवडला, कारण तो निदान तोंडानं तरी म्हणतो.

प्रश्न आला नाही. त्याच्या कामाची नवी आवृत्ती आली. वर एक छोटी टीप होती: या आवृत्तीतून प्रोसेसर काढण्याची सोय वगळली आहे, गरज भासल्यास पुढे पाहू. मंडळींनी सुटसुटीत झालं म्हणून पसंती दिली आणि ते कर्नलमध्ये गेलं. आमचा उन्हाळा त्यानं उपटून टाकला, मला एक प्रश्न विचारण्यापेक्षा ते त्याला हलकं वाटलं. पहिल्या वेळी त्यानं माझं वावर अर्ध्यावर सोडलं तेव्हा मी रागावलो होतो. या वेळी त्यानं स्वतःचंच, दोघांनी मिळून नांगरलेलं वावर पडीक टाकलं, आणि मला राग येईना. खोलीच्या कोपऱ्यांतून निघालेले तंतू गोळा करत राहिलो. तिथं पूर्वी हंगामात पायही ठेवायला जागा नसायची एवढा कापूस असायचा.

आता त्या कर्नलमध्ये चालत्या मशीनला नवा प्रोसेसर जोडता येतो. आलेल्याला परत पाठवायची रीत नाही. लिहून ठेवलेलं उत्तर अजून माझ्याकडं आहे. ते पुसून टाकावं एवढं मी धीट नाही.

परवाच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा टोपल्यात एक भाकर उरली. बायकोनं मायला विचारलं, "आत्याबाई, हे कोनासाठी?"

"कोनासाठी नाई. हातानं थापली गेली," माय म्हणाली आणि टोपलं माझ्याकडं सरकवलं.

पोट भरलं होतं. तरी मी ती खाल्ली, ठेच्यासोबत, आणि दुपारभर त्रास काढला.